डिस्क दिसत नाही

रात्रीचे साडेअकरा. होटगी रोडवरचं सहकारी इस्पितळ,
तळमजला. दिवसभराची झळ अजून भिंतीत,
आत मात्र एसीचा गारठा, म्हणून अंगावर
चाटी गल्लीतली चादर. सुलट्या बाजूने मोर,
उलट्या बाजूनेही मोरच.

बारा सर्व्हर. सगळी उत्तरं मी आधीच लिहून ठेवलेली:
भाषा कुठली, घड्याळ कुठलं,
डिस्कचे तुकडे किती, कुणाच्या वाट्याला केवढा.
कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही दाबायचं नाही,
मी खुर्चीत पाय वर घेऊन चहा प्यायचा.

पहिला उठला. नेटवर्कवरून कर्नल आलं,
मागोमाग मेमरीतला तो चिमुकला संसार,
दोन भांडी, एक स्टोव्ह, खरं घर मिळेपर्यंतचा.
त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं:
डिस्क सापडली नाही.

आठ आहेत रे, बाबा.
हिरवे दिवे लुकलुकतायत, हात लावला तर कोमट लागतात.
दुसऱ्या कन्सोलवर जाऊन यादी मागितली.
कंट्रोलर आहे, नावगाव सांगतोय,
आत त्याच्याशी बोलणारं कुणी नाही.
कटकधोंड साहेबांनी या खेपेला नव्या जातीचं कार्ड घेतलंय,
नगामागे अठराशे वाचले.

ड्रायव्हर ठेवायला डिस्क हवी,
डिस्क दिसायला ड्रायव्हर.
किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप.

दुपारी वर, केसपेपरच्या खिडकीपाशी,
एक म्हातारी तेच तेच सांगत होती,
"कडुपुल नोस्तांदि, कडुपुल,"
आणि बार्शीकडचा कारकून कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलेला.
शेवटी रकान्यात त्याने भरलं: तक्रार नाही.
मला कळत होतं.
आमच्या घरात तेच बोलतात.
पण हातात सर्व्हरचं खोकं होतं,
आणि खोकं खाली ठेवता येत नव्हतं, असं मी मला सांगितलं.
रांगेतून अंबुबाई येमूल पुढे आली,
बोटांना तंबाखूचा वास, कमरेला विडीच्या पानांची कात्री.
पोटात दुखतंय तिच्या, म्हणाली, चार दिवस झाले,
लिहा.
मग आणखी एकाचं सांगितलं, मग आणखी एकीचं.
तोवर तिचा स्वतःचा नंबर पुकारून झाला होता.

पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर होता, मागच्या वर्षीच्या कर्नलचा.
शेवटच्या आकड्यात फरक,
तेवढ्यावरून नाकारला.
हैदराबादच्या पाहुण्यांना जोडबसवण्णा चौकातली तेलुगू
अशीच कळत नाही, हसतात नुसते.

दीड वाजता नवा मिळाला. चढवला.
एकेक करत आठही डिस्का उभ्या राहिल्या
आणि मी एकटाच, खोलीत, टाळी वाजवली.

घाई. स्क्रिप्टमध्ये मीच लिहिलं होतं:
पहिली जी दिसेल ती पुसून घे.
पहिला दिसला तो पेन ड्राइव्ह.
पुसला. मग म्हणतो, जागा अपुरी.
ज्याने ओळख करून दिली
तोच आधी कोरा झाला, दोन सेकंदांत,
आणि चूक दाखवायला स्क्रीनवर माझ्याच हातच्या ओळी.

पुन्हा उतरवला. या वेळी त्या चिमुकल्या संसारातच
स्टोव्हशेजारी बांधून दिला, बाराही जणांना.
आणि डिस्का ओळखायच्या त्या पत्त्यावरून,
रांगेत कोण पुढे यावरून नाही.

पावणेसहाला बारावा सर्व्हर स्वतःच्या पायावर उठला.
तो तात्पुरता संसार कधी आवरला गेला
ते मी पाहिलं नाही, तोंड धुवायला गेलो होतो.

आठ वाजता वर आलो. खिडकी उघडत होती.
अंबुबाई आज पहिली.
मी चादर काखेत मारून तिच्या मागच्या माणसाला
काय होतंय ते विचारू लागलो, आमच्या चौकातल्या भाषेत,
जरा अडखळत.
तिने आधी आपलं नाव लिहून घेतलं, वय, गल्ली, सगळं.
मगच मागे वळली. म्हणाली, "एमायिंदि?"